फॉलिक ॲसिडच्या गोळीमागच्या डॉ. ल्युसी विल्स

गरोदरपणात डॉक्टर तुम्हाला लोहासोबत फॉलिक ॲसिडही देतात. नुसतं लोह का पुरत नाही, याचा पहिला धागा सापडला तो मुंबईत, डॉ. ल्युसी विल्स यांना.

ल्युसी यांचा जन्म १८८८ साली इंग्लंडमध्ये झाला. केंब्रिजला वनस्पतिशास्त्र आणि भूगर्भशास्त्र शिकून त्या पुढे लंडनमध्ये डॉक्टर झाल्या. १९२८ मध्ये त्या परळच्या हाफकिन संस्थेत आल्या. मुंबईतल्या गरीब गरोदर बायकांना, त्यात कापड गिरण्यांतल्या कामगार स्त्रियाही होत्या, तीव्र रक्तक्षय होत असे. काहींचा त्यात जीव जाई. त्याचं कारण ल्युसी यांना शोधायचं होतं.

आपल्या तांबड्या पेशी मध्ये दबलेल्या चकतीसारख्या असतात. त्यांतलं हिमोग्लोबिन प्राणवायू वाहून नेतं. एक पेशी सुमारे १२० दिवस जगते, म्हणून हाडांतल्या मज्जेत सतत नव्या पेशी तयार होतात. लोह कमी पडलं तर पेशी लहान आणि फिकट होतात. या बायकांच्या पेशी मात्र संख्येने कमी, पण आकाराने मोठ्या होत्या.

ल्युसी यांनी आधी जंतुसंसर्गाची शक्यता तपासली. तसं काही आढळलं नाही, तेव्हा त्यांनी आहाराकडे लक्ष वळवलं. यीस्टपासून बनवलेला मार्माइट हा स्वस्त पदार्थ दिल्यावर बायकांचं रक्त सुधारलं. १९३१ मध्ये त्यांनी हे प्रसिद्ध केलं. यीस्टमधल्या त्या अनोळखी घटकाला विल्स फॅक्टर म्हणू लागले. पुढे कळलं, तो घटक म्हणजे फोलेट. ते कमी पडलं की पेशी वाढते, पण वेळेवर विभागत नाही. ल्युसी १९६४ मध्ये वारल्या.

तुमच्या सीबीसी रिपोर्टमध्ये एमसीव्ही हा आकडा पाहा. तो तांबड्या पेशीचा सरासरी आकार सांगतो. मोठ्यांमध्ये तो साधारण ८० ते १०० असतो. १०० च्या वर गेला तर फोलेट किंवा बी १२ कमी असू शकतं. इतरही कारणं असतात. अशा वेळी स्वतःहून फॉलिक ॲसिड सुरू करू नका. बी १२ कमी असेल तर रक्त सुधारल्यासारखं दिसतं, पण नसांचं नुकसान चालूच राहतं. गरोदर असाल तर मात्र डॉक्टरांनी दिलेली गोळी चुकवू नका.