लक्ष्मणरावांची सायकल आणि माझी

सुरुवातीलाच कबूल करते की माझं शिक्षण कॉन्व्हेंटमध्ये झालं आहे. घरी मराठीच बोलायचो, पण कागदावर मराठी लिहायची वेळ फारशी आली नाही. तेव्हा ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका संपादक मंडळाने पोटात घालाव्यात. (संपादक मंडळातली एकजण माझी रूममेट आहे, त्यामुळे तिला दुसरा पर्यायच नाही!)

तर गोष्ट सुरू होते आमच्या होस्टेलच्या सायकल स्टँडवर. तिथे एका कोपऱ्यात एक बेवारस सायकल पडून होती. पुढे शॉकअप, मागे सीटखाली जाडजूड लाल स्प्रिंग, म्हणजे फुल सस्पेन्शनवाली माउंटन बाइक. कुणीतरी पास-आउट झालेल्या सीनियरने सोडून दिलेली. दोन्ही टायर बसलेले, चेन गंजून तिची काठी झालेली, आणि सीटवर मांजर झोपलेलं. परीक्षा संपल्यावर भंगारवाला येऊन सगळं घेऊन जाणार, असं वॉचमन मामांनी सांगितलं. त्याच आठवड्यात आमचा रिझल्ट लागला होता आणि मला एम-थ्रीची बॅक लागली होती. घरी सांगायची हिंमत होत नव्हती आणि रूमवर बसवत नव्हतं. काहीतरी करायला हवं म्हणून रेक्टर मॅडमना अर्ज दिला. सही मिळाली आणि सायकल माझी झाली.

आता खरी गंमत. मी मेकॅनिकलच्या तिसऱ्या वर्षाला आहे. पण पहिल्याच दिवशी डावं पेडल काढताना अर्धा तास पान्यावर अक्षरशः उभी राहिले, तरी ते हलेना. शेवटी गेटसमोरचे सायकलवाले काका आले, हसले, आणि पाना उलट्या बाजूला फिरवला. डाव्या पेडलचे आटे उलटे असतात! पाय मारता मारता पेडल आपोआप सुटून येऊ नये म्हणून. आट्यांवर मी परीक्षेत पानभर उत्तर लिहिलं होतं, आकृतीसकट. हाताला मात्र काहीच माहीत नव्हतं.

मग रोज संध्याकाळी एकेक भाग सुटा केला. डिझेलमध्ये बुडवून गंज काढला. मागच्या हबमध्ये पाव इंची छर्रे एका बाजूला नऊ बसतात, हे दहावा बसवायचा प्रयत्न करून शिकले. चाकाचा आउट काकांनी काढायला शिकवला. पण मागचं सस्पेन्शन काही केल्या जमेना. मागचा त्रिकोण ज्या बोल्टवर खाली-वर होतो, तिथले बुश इतके झिजले होते की चाक डावी-उजवीकडे डुलायचं. त्या मापाचा बुश कुठे मिळेना. वर्कशॉपच्या सरांनी गनमेटलचा तुकडा दिला आणि स्वतः शेजारी उभं राहून माझ्याकडून लेथवर बुश करून घेतले. पहिला ढिला झाला, दुसरा फुटला, पुढचे दोन बसले. हात पुसताना लेथवरच्या पाटीकडे लक्ष गेलं. किर्लोस्कर.

मी बेळगावची. आमच्याकडे किर्लोस्कर रोड आहे. चपला, कपडे, दिवाळीची खरेदी, सगळं तिथेच. पण त्या रस्त्याला हे नाव का, असा प्रश्न बारावीपर्यंत एकदाही पडला नाही. लेथ बंद झाल्यावर सरांनी सांगितलं की त्या रस्त्यावर पूर्वी सायकलींचं दुकान होतं, आणि ही लेथ, ते पंप, ती इंजिनं, सगळ्याची सुरुवात त्या दुकानात झाली. मी थक्क झाले. लायब्ररीत जाऊन जे मिळेल ते वाचलं. त्यातलंच थोडं तुम्हाला सांगते.

लक्ष्मण काशिनाथ किर्लोस्कर यांचा जन्म २० जून १८६९ चा, बेळगाव जिल्ह्यातल्या गुर्लहोसूरचा. वडील वेदांताचे पंडित. मुलाचं लक्ष मात्र पुस्तकात नाही. त्याला चित्रं काढायला आवडायची आणि यंत्रं उघडून बघायला आवडायची. घरच्यांना दोन्ही पसंत नव्हतं. थोरले बंधू रामूअण्णा तेवढे पाठीशी उभे राहिले आणि १८८५ मध्ये लक्ष्मणराव मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये दाखल झाले.

तिथे मोठाच घोटाळा झाला. रंगांचं शिक्षण सुरू झाल्यावर लक्षात आलं की त्यांना काही रंग नीट ओळखताच येत नाहीत. रंगांधळेपणा! चित्रकार व्हायला निघालेल्या मुलाच्या बाबतीत याहून वाईट काय होणार? माझा एक विषय राहिला तर मी आठवडाभर जेवणावर राग काढला. इथे तर सगळं करिअरच संपलं होतं. पण रेषा काढायला रंग लागत नाही. त्यांनी रंग सोडले आणि मेकॅनिकल ड्रॉइंग धरलं. ते इतकं चांगलं जमलं की मुंबईच्या व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये, म्हणजे आपण व्हीजेटीआय म्हणतो तिथे, त्याच विषयाचे ते शिक्षक झाले. संस्था नवीकोरी, १८८७ ची. तिथल्या वर्कशॉपमधली यंत्रं हाताळायला मिळाली आणि यंत्रांचं वेड पक्कं झालं.

मुंबईत त्यांना पहिल्यांदा सायकल दिसली. त्या काळी ही वस्तू म्हणजे नवलच. पुढे भलंमोठं चाक आणि मागे पिटुकलं अशा सायकलीचा जमाना सरत होता. १८८५ मध्ये इंग्लंडमध्ये जॉन केम्प स्टार्ली यांची रोव्हर आली होती, दोन्ही चाकं जवळपास सारखी आणि मागच्या चाकाला चेन. आपली आजची सायकल तिचीच वंशज. पण टायर भरीव रबराचे, त्यामुळे हाडं खिळखिळी व्हायची. १८८८ मध्ये डनलॉप यांनी हवा भरलेल्या टायरचं पेटंट घेतलं. विचार केला तर सायकलचं पहिलं खरं सस्पेन्शन हेच! माझ्या लाल स्प्रिंगचं काम आधी नुसती हवाच करत होती, आणि अजूनही बरंचसं तीच करते.

त्याच वर्षी, १८८८ मध्ये, दोघा भावांनी बेळगावात सायकलींचं दुकान काढलं. नाव किर्लोस्कर ब्रदर्स. लक्ष्मणराव नोकरी सांभाळून मुंबईत सायकली विकत घ्यायचे आणि बेळगावला पाठवायचे. रामूअण्णा त्या विकायचे आणि वर गिऱ्हाइकांना चालवायलाही शिकवायचे. दुकानात दुरुस्तीचंही काम चाले. तेव्हा लक्ष्मणराव किती वर्षांचे होते, माहितीये? एकोणीस. माझ्यापेक्षा एक वर्षाने लहान!

व्हीजेटीआयमध्ये ते बरीच वर्षं होते. मग बढतीची वेळ आली. काम त्यांचं चांगलं होतं, पण जागा मिळाली एका अँग्लो-इंडियन सहकाऱ्याला. त्या काळात हे असंच चालायचं. लक्ष्मणरावांनी मुकाट्याने खुर्ची उबवत न बसता राजीनामा दिला आणि बेळगाव गाठलं.

तिथे सायकलींच्या जोडीला पवनचक्क्या विकल्या, मग चारा कापायची यंत्रं तयार केली, आणि मग लोखंडी नांगर. आपल्याला वाटेल की चांगला नांगर केला म्हणजे लगेच खपणार. छे! शेतकऱ्यांची समजूत अशी की लोखंड जमिनीत गेलं की जमीन नासते. पहिला नांगर खपायला दोन वर्षं लागली. आपण प्रोजेक्टमध्ये मॉडेल चालू झालं की टाळ्या घेतो आणि घरी जातो. इथे नांगर उत्तम चालत होता, तरी दोन वर्षं तो पडून. ही दोन वर्षं त्यांनी कशी काढली असतील, याचा मी बराच विचार केला.

नांगर हळूहळू खपू लागले, आणि नेमकी तेव्हाच बेळगावच्या नगरपालिकेला कारखान्याची जागा नव्या वस्तीसाठी हवी झाली. गाशा गुंडाळा! वय चाळीस, कारखाना आहे पण जागा नाही. लक्ष्मणरावांनी तेव्हा औंधला बांधकामाचं एक काम घेतलं होतं. औंधचे राजे बाळासाहेब पंतप्रतिनिधी स्वतः चित्रकार, त्यांना या माणसाची किंमत कळली. त्यांनी दहा हजार रुपये कर्ज दिलं आणि कुंडल रोड स्टेशनजवळची ३२ एकर जमीन देऊ केली. जमीन म्हणजे काय, तर निवडुंग आणि नाग. पाण्याचेही हाल. १० मार्च १९१० ला तिथे किर्लोस्करवाडीची सुरुवात झाली. आज हे गाव सांगली जिल्ह्यात आहे आणि स्टेशनचं नावही किर्लोस्करवाडी आहे.

सोबतीला माणसं मात्र एकसे एक. कारभार रामूअण्णांकडे, यंत्रं शंभूराव जांभेकरांकडे, कचेरी मंगेशराव रेग्यांकडे. डिग्रीवाला इंजिनियर मालकही नाही. लक्ष्मणराव अमेरिकन तांत्रिक मासिकं मागवायचे आणि वाचून करून बघायचे, चुकलं की परत करायचे. वाडीत त्यांनी अस्पृश्यता पाळू दिली नाही. शिक्षा भोगून आलेल्या कैद्यांना त्यांनी चक्क रात्रीच्या पहाऱ्यावर ठेवलं. सगळ्यांनी टाकून दिलेली माणसं त्यांनी विश्वास टाकून कामाला लावली.

लोखंडाच्या बाबतीतही तेच. पहिल्या महायुद्धात बाहेरून येणारं लोखंड आणि कोळसा मिळेनासा झाला. नांगर कशाचे करायचे? तेव्हा कोल्हापूरच्या शाहू महाराजांनी संस्थानातल्या जुन्या तोफा दिल्या. त्या वितळवून नांगर झाले! भंगार म्हणजे काय, ते बघणाऱ्यावर असतं हे मला इथे पटलं. (मामा, ऐकताय ना?)

पुढचा इतिहास तुम्हाला थोडाफार माहीत असतो. १९२० मध्ये कंपनी रीतसर नोंदली गेली. त्याच साली शंकरराव किर्लोस्करांनी 'किर्लोस्कर खबर' हे मासिक सुरू केलं. उसाचे चरक, पंप यांची भर पडली. मुलगा शंतनुराव अमेरिकेत एमआयटीला शिकून आला. १९४१ मध्ये हरिहरला मशीन टूल्सचा कारखाना निघाला, १९४६ मध्ये पुण्यात खडकीला ऑइल इंजिन्सचा. पण सगळं सुरळीत चाललंय असं वाटत असतानाच घाला आला. ३० जानेवारी १९४८ ला गांधीजींची हत्या झाली आणि त्यानंतरच्या जाळपोळीत किर्लोस्करवाडीचा कारखाना पेटवला गेला. लक्ष्मणराव तेव्हा ७८ वर्षांचे होते. आयुष्यभराचं काम डोळ्यांदेखत काळं पडलं. तरी कारखाना पुन्हा उभा राहिला, पंप पुन्हा बाहेर पडू लागले, आणि ते बघायला लक्ष्मणराव हयात होते. २६ सप्टेंबर १९५६ ला पुण्यात त्यांचं निधन झालं. १९६९ मध्ये त्यांच्या जन्मशताब्दीला भारत सरकारने त्यांचं टपाल तिकीट काढलं.

आता राहिली माझी सायकल. तीन आठवड्यांनी ती उभी राहिली. तिच्यात दोष आहेत, लपवत नाही. मागच्या शॉकअपमध्ये नुसती स्प्रिंग आहे, डॅम्पर नाहीच. त्यामुळे चढावर अर्धी ताकद स्प्रिंग दाबण्यात जाते आणि खड्ड्यातून बाहेर आल्यावरही सायकल दोनदा मान डोलावते. व्हायब्रेशन्समधलं अंडरडॅम्प्ड म्हणजे काय हे मला आता मरेपर्यंत विसरता येणार नाही. पण मागचं चाक डुलत नाही. बुश माझे आहेत!

पहिल्या रविवारी सकाळी मी ती घेऊन मॉडेल कॉलनीत गेले. तिथे लकाकी रोड आहे. मला आधी वाटायचं की हे काहीतरी लकाकण्यावरून असेल. तसं नाही. ल. का. कि., म्हणजे लक्ष्मण काशिनाथ किर्लोस्कर. तिथल्या किर्लोस्करांच्या बंगल्याचं हे नाव, आणि रस्त्यालाही तेच. बेळगावच्या किर्लोस्कर रोडवरून निघालेला माणूस पुण्याच्या लकाकी रोडला पोचला, आणि मी पण! मी जरा वेळ पाटीखाली सायकल टेकून उभी राहिले. मग घरी फोन केला आणि एम-थ्रीचं सांगून टाकलं. बाबा थोडा वेळ काहीच बोलले नाहीत. मग त्यांनी सायकलचे ब्रेक नीट लागतात ना, एवढंच विचारलं.

ब्रेक लागतात. एम-थ्रीचा फॉर्म भरला आहे. आणि हो, स्टँडमध्ये अजून तीन सायकली बेवारस पडल्या आहेत. भंगारवाला यायच्या आत कुणाला हात काळे करायचे असतील तर रविवारी या. पाना मी देते. फक्त डावं पेडल उलटं फिरवायचं, लक्षात ठेवा!

— तृतीय वर्ष, मेकॅनिकल