कष्टाचे चित्र आणि कष्टकऱ्याचे नाव : मार्गारेट बर्क-व्हाईट

बोधिसत्त्व डॉ. बाबासाहेब आंबेडकरांची छायाचित्रे आपल्या घराघरांत, विहारांत आणि वर्गांत आहेत. परंतु ती कोणी टिपली, हा प्रश्न आपण सहसा विचारत नाही. १९४६ साली, सत्तांतराच्या वाटाघाटी चालू असताना, 'लाईफ' या अमेरिकन साप्ताहिकाच्या छायाचित्रकार मार्गारेट बर्क-व्हाईट यांनी बाबासाहेबांची काही छायाचित्रे त्यांच्या निवासस्थानी घेतली. त्यांपैकी एकात बाबासाहेब पुस्तक वाचत बसलेले आहेत. त्याच वर्षी त्यांनी पुण्यात गांधीजींना चरख्यापाशी टिपले आणि ते चित्र जगभर गेले. त्याच भारतभेटीत त्या दक्षिणेतील कातडी कमावण्याच्या कारखान्यांतही गेल्या व तेथे राबणारी लहान मुले त्यांनी टिपली. जगाच्या पाठीवरील माणसे कामे कशी करतात, हे दाखविण्यात ज्यांनी आयुष्य वेचले त्या या बाईंचे चरित्र आमच्या गोवंडीच्या विद्यार्थ्यांनी व पालकांनी वाचावे असे आम्हांस वाटते. त्यात कौतुकाइतकेच तपासून घेण्यासारखेही पुष्कळ आहे.

मार्गारेट यांचा जन्म १४ जून १९०४ रोजी न्यूयॉर्क येथे झाला. वडील जोसेफ व्हाईट हे छपाईयंत्रांचे अभियंते व संशोधक, पोलिश ज्यू वंशाचे. आई मिनी बर्क. बालपण न्यू जर्सीतील बाउंड ब्रुक या गावी गेले. आठेक वर्षांची असताना वडील तिला ओतशाळेत घेऊन गेले. अंधाऱ्या छपराखाली वितळलेले लोखंड ओतले जात असताना उडालेल्या ठिणग्यांचे ते दृश्य तिच्या मनावर कायमचे कोरले गेले. १९२२ मध्ये वडील वारले. त्याच सुमारास त्या न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात शिकत होत्या व क्लॅरेन्स व्हाईट या नामवंत शिक्षकाकडे छायाचित्रणाचे पहिले धडे घेत होत्या. बाबासाहेब तेथून १९१६ मध्येच बाहेर पडले होते. त्यामुळे या योगायोगास आम्ही योगायोगापेक्षा अधिक महत्त्व देत नाही. पुढे विवाह, घटस्फोट, अनेक विद्यापीठे असा प्रवास करून १९२७ साली त्या कॉर्नेलच्या पदवीधर झाल्या. घटस्फोटानंतर त्यांनी आपल्या नावापुढे आईचे माहेरचे नाव जोडले आणि मार्गारेट व्हाईटची मार्गारेट बर्क-व्हाईट झाली. आपले नाव आपण ठरविण्याचा हा अधिकार त्यांना मिळाला, एवढे वाचकांनी ध्यानी ठेवावे.

ओहायो राज्यातील क्लीव्हलंड हे पोलादाचे शहर. १९२८ मध्ये ओटिस स्टील कंपनीच्या कारखान्यात शिरण्याची परवानगी त्यांनी मिळविली. कारखान्यात बाईमाणूस नको, ही समजूत त्या काळी तिकडेही होतीच. खरी अडचण मात्र उजेडाची निघाली. तापलेल्या पोलादाचा प्रकाश डोळ्यांना प्रखर भासतो, पण तो तांबडा असतो; आणि त्या काळच्या फिल्मला तांबडा रंग जवळजवळ दिसतच नसे. पहिली चित्रे काळीठिक्कर आली. शेवटी मॅग्नेशियमच्या मोठ्या मशाली मिळाल्या, त्यांच्या पांढऱ्या उजेडात चित्रे घेतली आणि भट्टीचे रौद्र सौंदर्य कागदावर उतरले. न्यूयॉर्कच्या हेन्री ल्यूस यांनी ती पाहून आपल्या नव्या 'फॉर्च्यून' मासिकासाठी १९२९ साली त्यांना बोलावून घेतले.

या पहिल्या पर्वातील चित्रे आजही डोळे दिपवितात. पण आमच्या मते त्यांत एक मोठी उणीव आहे. भट्टी, क्रेन, धुराडे, दात्यांची चाके हे सारे भव्य आहे आणि माणूस मात्र यंत्र किती मोठे आहे हे कळावे म्हणून कोपऱ्यात उभा केलेली काळी आकृती आहे. मालकाने आपल्या कारखान्याकडे ज्या नजरेने पाहावे, ती ही नजर होय. १९३० साली त्या सोव्हिएत रशियात गेल्या. तेथील नव्या उद्योगांची छायाचित्रे घेण्याची मुभा मिळालेल्या त्या पहिल्या परदेशी छायाचित्रकार मानल्या जातात. तेथील चित्रांत कामगारांचे चेहरे थोडे पुढे येऊ लागतात. खरा पालट मात्र १९३४ मध्ये झाला. अमेरिकेच्या मध्यभागातील दुष्काळ व धुळीची वादळे टिपण्यासाठी 'फॉर्च्यून'ने त्यांना पाठविले. करपलेली शेते, मेलेली गुरे आणि हताश कुणबी पाहिल्यावर यंत्रांच्या या पुजारिणीला माणसे दिसू लागली.

१९३६ च्या नोव्हेंबरात 'लाईफ' साप्ताहिक सुरू झाले. २३ नोव्हेंबरच्या पहिल्याच अंकाच्या मुखपृष्ठावर त्यांनी टिपलेले मोंटाना राज्यातील फोर्ट पेक धरण होते. मुखपृष्ठावर काँक्रीटचे प्रचंड बुरूज, आणि आतल्या पानांवर धरणाच्या मजुरांची तकलादू वस्ती, त्यांच्या बायका, मुले, संध्याकाळची दारूची दुकाने. पुढल्याच वर्षी लुईव्हिल शहरात ओहायो नदीचा महापूर आला. मदतीसाठी रांगेत उभी असलेली कृष्णवर्णीय माणसे आणि त्यांच्या डोक्यावर, मोटारीतून हिंडणाऱ्या हसतमुख गोऱ्या कुटुंबाचा, अमेरिकन राहणीमानाची फुशारकी मिरविणारा भलामोठा जाहिरातफलक असे ते त्यांचे चित्र आहे. इतिहास शिकविताना वर्णभेदावर तासभर बोलून जे साधत नाही ते हे एक चित्र वर्गात दाखविल्याने साधते, हा आमचा अनुभव आहे.

त्याच १९३७ साली लेखक एर्स्किन कॉल्डवेल यांच्यासह त्यांनी अमेरिकेच्या दक्षिणेतील कापूस पिकविणाऱ्या गोऱ्या व काळ्या वाटेकऱ्यांवर एक पुस्तक काढले. (पुढे दोघांनी लग्नही केले, ते १९४२ पर्यंत टिकले.) पुस्तक गाजले. परंतु त्यात प्रत्येक चित्राखाली जे शब्द त्या गरीब माणसांच्या तोंडचे म्हणून छापले होते, ते त्यांचे नव्हतेच; दोघा लेखकांनी आपल्या कल्पनेने ते रचले होते. तशी कबुली त्यांनी पुस्तकातच दिली आहे. त्या कबुलीने दोष झाकला जातो असे आम्हांस वाटत नाही. दुबळ्यांच्या वतीने इतरांनीच बोलण्याची रीत आपल्या समाजाने शतकानुशतके सोसली आहे. मूकनायक या नावाच्या पत्राने ज्यांचा इतिहास सुरू होतो, त्यांना यातील खोच उलगडून सांगण्याची गरज नाही. गोवंडीतही ही रीत अपरिचित नाही. जानेवारी २०१६ मध्ये देवनारच्या डंपिंगला आग लागली, तेव्हा धुराचे फोटो जगभर पोहोचले. १९२७ पासून शहराचा कचरा झेलणाऱ्या त्या डोंगरावर जी माणसे भंगार व प्लास्टिक वेचून पोट भरतात, त्यांच्यातील किती जणांची नावे त्या फोटोंखाली आली?

दुसऱ्या महायुद्धातील त्यांची कामगिरी मोठी आहे, पण येथे थोडक्यातच सांगतो. १९४१ मध्ये जर्मन विमाने मॉस्कोवर बाँब टाकीत असताना त्या तेथे होत्या; उत्तर आफ्रिकेकडे जाताना त्यांचे जहाज पाणतीराने बुडाले; एप्रिल १९४५ मध्ये बुखेनवाल्डच्या छळछावणीतील सापळे झालेले कैदी त्यांनी टिपले. तेथून पुढच्याच वर्षी त्या भारतात आल्या.

भारतातील चरख्याच्या चित्राची कथा प्रसिद्ध आहे. गांधीजींच्या सचिवांनी त्यांना आधी सूत कातायला शिकण्याची अट घातली व नंतर मोजक्या तीन फ्लॅशची परवानगी दिली. दोन वाया गेले, तिसऱ्यात चित्र मिळाले. काम टिपण्याआधी ते काम हाताने करून पाहावे, ही अट आम्हांला मनापासून पटते. फक्त एवढेच वाटते की ती कातड्याच्या कारखान्यात कोणी घातली नाही. कच्चे कातडे चुन्याच्या हौदात भिजवावे लागते, म्हणजे केस सुटतात. त्या हौदात उतरणाऱ्याची त्वचाही चुना खातो. हे काम कोणत्या जातींच्या वाट्याला आले आणि त्याची दुर्गंधी पिढ्यान् पिढ्या कोणाच्या अंगाला चिकटवली गेली, हे या स्मरणिकेच्या वाचकांना आम्ही सांगावे असे नाही. धारावीत कातडी कमावणाऱ्यांमध्येही तमिळ मुलखातून आलेली अनेक कुटुंबे होती. सूत कातणे हे गांधीजींनी निवडलेले काम होते. हौदातल्या मुलांना निवडीचा प्रश्नच कोणी विचारला नव्हता. आणि बाबासाहेब? त्यांच्या हाती चरखा नाही, पुस्तक आहे. आमच्या दृष्टीने तेही कामाचेच चित्र आहे. मजूरमंत्री या नात्याने बाबासाहेब डिसेंबर १९४३ मध्ये धनबादच्या कोळसाखाणीत स्वतः उतरले होते, आणि कारखान्यातील कामाचे आठवड्याचे कमाल तास ५४ वरून ४८ वर आणणारी कायद्यातील दुरुस्ती १९४६ सालचीच आहे. ते विधेयक त्यांनीच मांडले होते. अशा माणसाचे वाचन म्हणजे विरंगुळा नव्हे.

फाळणीच्या वेळी त्या पुन्हा भारतात आल्या. पंजाबातील निर्वासितांच्या तांड्यांची त्यांची चित्रे आज प्रत्येक इतिहासग्रंथात असतात. त्यांतील काहींसाठी त्यांनी थकल्याभागल्या माणसांना पुन्हा पुन्हा मागे जाऊन चालत यायला लावले, असे त्यांच्यासोबतच्या सहकारी महिलेने पुढे सांगितले. ३० जानेवारी १९४८ रोजी, हत्येच्या काही तास आधी, त्यांनी गांधीजींची मुलाखत घेतली होती. भारतावरील त्यांचे पुस्तक १९४९ साली प्रसिद्ध झाले.

१९५० चे दक्षिण आफ्रिकेतील चित्र हे आमच्या मते त्यांच्या साऱ्या कामातील सर्वश्रेष्ठ होय. जोहान्सबर्गजवळच्या सोन्याच्या खाणकामगारांना सुटीच्या दिवशी नाचताना त्यांनी पाहिले. त्यांतील दोघे जण त्यांनी निवडले आणि हीच माणसे काम करताना हवीत असा आग्रह धरला. अधिकाऱ्यांनी आढेवेढे घेतले, कारण ती जागा फार खोल होती. जवळजवळ दोन मैल खाली, असह्य उष्ण व दमट बोगद्यात त्या उतरल्या. थोड्याच वेळात त्यांना बोलवेना, हातपाय उचलेनात. त्यांना वर मोकळ्या हवेच्या ठिकाणी आणावे लागले. ते दोघे मात्र रोज तेथेच राबत. चित्रात उघड्या अंगावरून घाम ओघळतो आहे, डोळ्यांत अपार थकवा आहे, आणि चेहरे इतके जवळ आहेत की यंत्राला चौकटीत जागाच उरलेली नाही. त्यांनी नावे विचारली, तेव्हा नावे मिळाली नाहीत, क्रमांक मिळाले. ११३९ आणि ५१२२ याच आकड्यांनी ते चित्र आजही ओळखले जाते. आईचे नाव अभिमानाने जोडून घेणाऱ्या बाईंच्या सर्वोत्तम चित्रातील माणसे अशी निनावी राहिली. हा दोष त्यांचा नव्हता. आकडे त्यांनी लपविले नाहीत, तेच त्या राजवटीविरुद्धचे पुरावे ठरले.

याच विचाराने या स्मरणिकेसाठी आमच्या विद्यार्थ्यांना आम्ही एक काम दिले होते. भोजनगृहातील भाकऱ्या थापणाऱ्या ताई, आवार झाडणारे, नळ दुरुस्त करणारे, रात्रीचे पहारेकरी यांचे फोटो काढायचे, त्यांच्या परवानगीने; आणि प्रत्येकाखाली पूर्ण नाव आणि मूळ गाव त्यांनाच विचारून लिहायचे. दोघींनी फोटोला नकार दिला. त्यांच्या जागी विद्यार्थ्यांनी कोरी चौकट सोडली आहे, ती तशीच ठेवावी असे संपादक मंडळास आम्ही कळविले आहे.

१९५२ मध्ये कोरियातील युद्ध टिपून आल्यानंतर बर्क-व्हाईट यांच्या हातापायांत जडपणा जाणवू लागला. तो पार्किन्सनचा आजार होता. ज्या बोटांनी बोगद्यात व विमानात कॅमेरा सांभाळला ती बोटे ऐकेनाशी झाली. त्या वर्तमानपत्राचे कागद चुरगाळून त्यांचे बोळे करीत, टॉवेल पिळीत, रोज मैलोगणती चालत. मेंदूवरील शस्त्रक्रियाही त्यांनी करून घेतली. या साऱ्याची चित्रे 'लाईफ'मधील त्यांचे सहकारी आल्फ्रेड आयझेनस्टाट यांनी घेतली व ती १९५९ साली त्यांच्या नावानिशी, त्यांच्याच साप्ताहिकात छापून आली. १९६३ मध्ये त्यांचे आत्मचरित्र आले. २७ ऑगस्ट १९७१ रोजी कनेक्टिकट राज्यात वयाच्या ६७ व्या वर्षी त्यांचे निधन झाले. त्यांची कागदपत्रे व छायाचित्रे न्यूयॉर्क राज्यातील सिराक्यूज विद्यापीठात जतन केलेली आहेत.