फ्लॅनरी ओ'कॉनर : व्याधीचा क्रूस वाहणारी लेखिका

अमेरिकेतील जॉर्जिया राज्यात १९२५ साली जन्मलेल्या कॅथलिक कथालेखिका फ्लॅनरी ओ'कॉनर यांचे वडील १९४१ साली ल्युपसने निवर्तले. ऐन पंचविशीत त्याच व्याधीने त्यांनाही गाठले. कॉर्टिसोनच्या उपचाराने प्राण वाचले. परंतु पुढे हाडे झिजली, कुबड्या आल्या. आप्तांच्या आग्रहास्तव १९५८ साली त्या लूर्ड्सच्या तीर्थयात्रेस गेल्या. मनात संकोच असूनही त्यांनी तेथील पवित्र जलात स्नान केले. मात्र मागणे आरोग्याचे नव्हे, तर अपूर्ण कादंबरीचे होते. ती १९६० साली प्रसिद्ध झाली. त्यांनी औषधोपचार सोडला नाही आणि लेखणीही. ३ ऑगस्ट १९६४ रोजी, वयाच्या ३९व्या वर्षी त्या प्रभूचरणी विसावल्या. रोगमुक्ती हेच प्रार्थनेचे एकमेव फळ नव्हे, हे त्यांच्या जीवनातून उमगते.