सोलापूरचे डॉक्टर कोटणीस



आपल्या धर्मग्रामात अशी बरीच घरे आहेत की ज्या घरातील मुलगी किंवा सून परिचारिका म्हणून परदेशात काम करते. तिचा फोन आला म्हणजे आपण जेवणाखाण्याची, हवेची, सुट्टीची चौकशी करतो. तिचा रोजचा दिवस कसा जातो, हे मात्र सहसा विचारत नाही. आज आम्ही तुम्हांला परदेशी गेलेल्या एका डॉक्टरांच्या रोजच्या दिवसांविषयी सांगणार आहोत. त्यांचे नाव डॉ. द्वारकानाथ शांताराम कोटणीस. व्ही. शांताराम यांनी १९४६ साली त्यांच्यावर काढलेला 'डॉ. कोटणीस की अमर कहानी' हा चित्रपट आपल्यातील वडीलधाऱ्यांनी पाहिला असेल.

कोटणीस यांचा जन्म १० ऑक्टोबर १९१० रोजी सोलापूरला एका मध्यमवर्गीय कुटुंबात झाला. घरात भावंडे पुष्कळ. मुंबईला जी. एस. मेडिकल कॉलेजात शिकून ते डॉक्टर झाले. १९३७ साली जपानने चीनवर आक्रमण केले. चिनी सेनापती चू तेह यांनी पंडित नेहरूंकडे मदत मागितली आणि तेव्हाचे काँग्रेस अध्यक्ष सुभाषचंद्र बोस यांनी देशाला आवाहन केले. निधी जमला आणि पाच डॉक्टरांचे पथक तयार झाले. अलाहाबादचे डॉ. अटल, नागपूरचे डॉ. चोळकर, कलकत्त्याचे डॉ. बसू व डॉ. मुखर्जी आणि आपले कोटणीस. सप्टेंबर १९३८ मध्ये मुंबई बंदरातून त्यांची बोट सुटली. कोटणीस त्या वेळी अवघे सत्तावीस वर्षांचे होते.

निरोपाला हारतुरे झाले, चीनमध्येही स्वागत झाले. पण हारतुरे दोन दिवसांत सुकतात. खरे काम त्यानंतरचे. चीनमध्ये पोचून काही महिने होतात तोच वडील वारल्याची बातमी त्यांच्या हाती आली. सहकाऱ्यांनी घरी जाण्याविषयी सुचवले. कोटणीस गेले नाहीत. जे काम स्वीकारले ते टाकून जायचे नाही, असे त्यांनी ठरवले.

हे वाचताना आम्ही थोडे अडखळतो. घरी दुःखात बुडालेली आई, भावंडे, आणि मुलगा परक्यांच्या जखमा बांधत बसलेला. हे बरोबर की चूक, याचे सोपे उत्तर आमच्यापाशी नाही. वडिलांच्या मयताला येता आले नाही, ही सल मनात ठेवून परदेशात राबणारी माणसे तुमच्याआमच्या घरांतही आहेत. त्यांचा न्याय घाईने करू नये, एवढे मात्र आम्ही या चरित्रातून शिकलो.

१९३९ च्या फेब्रुवारीत पथक येनानला पोचले. पुढे एकेक सहकारी मायदेशी परतले. कोटणीस मात्र उत्तर चीनच्या डोंगराळ भागात, आघाडीच्या जवळ गेले. तिथे नॉर्मन बेथ्यून या कॅनेडियन सर्जनने जखमी सैनिकांची सेवा केली होती. शस्त्रक्रिया करताना बोट कापून जंतुसंसर्ग झाला आणि नोव्हेंबर १९३९ मध्ये बेथ्यून मरण पावले. त्यांच्या नावाच्या रुग्णालयाचे प्रमुख म्हणून १९४१ साली कोटणीस यांची नेमणूक झाली.

रुग्णालय म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर पांढऱ्या भिंती आणि खाटा येतात. इथे खेड्यातली मातीची घरे होती. रुग्ण शेतकऱ्यांच्या घरांत ठेवलेले. जपानी सैन्य जवळ आले की सगळा संसार उचलून डोंगरात दुसरीकडे जायचे. औषधांचा नेहमीच तुटवडा, पट्ट्या धुऊन पुन्हा वापरायच्या. जेवण म्हणजे बहुधा राळ्याची खीर किंवा भात. थंडी तर सोलापूरच्या माणसाने कधी पाहिली नसेल अशी. १९४० सालच्या एका लढाईत त्यांनी सलग ७२ तास न झोपता शस्त्रक्रिया केल्या, असे सांगतात.

ते चिनी भाषा बोलायला, लिहायला शिकले. खेड्यातल्या तरुणांना त्याच भाषेत वैद्यक शिकवू लागले. त्यांच्यासाठी शस्त्रक्रियेचे पाठ्यपुस्तकही लिहायला घेतले. चिनी लोक त्यांना को तिहुआ म्हणत. १९४१ च्या अखेरीस तिथल्याच परिचर्या शिक्षिका कुओ छिंगलान यांच्याशी त्यांनी विवाह केला. ऑगस्ट १९४२ मध्ये मुलगा झाला. त्याचे नाव यिनहुआ, म्हणजे भारत आणि चीन.

पण त्यांना अपस्माराचे झटके येऊ लागले होते. विश्रांतीचा सल्ला मिळूनही ते काम करीत राहिले. ९ डिसेंबर १९४२ रोजी वयाच्या बत्तिसाव्या वर्षी त्यांचा मृत्यू झाला. बाळ साडेतीन महिन्यांचे होते. पुस्तक अपुरे राहिले. पुढे यिनहुआही वैद्यक शिकत असताना १९६७ साली तरुण वयातच वारला. छिंगलान मात्र २०१२ पर्यंत जगल्या आणि पतीच्या सोलापूरला येऊन गेल्या. शिजियाझुआंग या शहरात कोटणीस यांची कबर आहे.

कोटणीस आपल्या धर्माचे नव्हते. १९४२ साली ते चीनच्या कम्युनिस्ट पक्षाचे सभासदही झाले. हे लपवून त्यांचे चरित्र सांगणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. पण जखमी माणसाजवळ थांबणारा कोणत्या गावचा, हे त्या जखमी माणसाने कधी विचारलेले नाही.

सेमिनरीत तत्त्वज्ञान शिकताना आम्हांला सांगितले होते की सद्गुण एका मोठ्या कृतीने येत नाही, तो रोजच्या सवयीने अंगी मुरतो. तेव्हा ते परीक्षेपुरते पाठ केले. कोटणीस बोटीत चढले तो एक दिवस होता. धुतलेल्या पट्ट्या वाळत घालण्याचे दिवस चार वर्षे चालले.

या आठवड्यात परदेशातून फोन आला, तर मुलीला एवढेच विचारा की आजचा दिवस कसा गेला. आणि ती सांगेल ते पूर्ण ऐकून घ्या.

आपला,
प्रमुख धर्मगुरू