प्लेगने रायगडाची वारी अडवली, पण टिळकांनी उत्सवाची उमेद सोडली नाही

मार्च २०२० आठवतोय? उन्हाळ्याच्या सुट्टीचे बेत ठरलेले, बुकिंग झालेली, पोरांनी दिवस मोजायला सुरुवात केलेली. आणि एकदम सगळं बंद. खोपोलीजवळच्या इमॅजिका पार्कच्या गेटला कुलूप लागलं. त्याच रायगड जिल्ह्याच्या दुसऱ्या टोकाला, महाडच्या वरचा किल्ले रायगडही ओस पडला. जूनमध्ये शिवराज्याभिषेकाला जिथं पाय ठेवायला जागा नसते, तिथं ६ जून २०२० ला मोजक्याच लोकांमध्ये सोहळा झाला. बाकीच्यांनी घरीच साजरा करावा, असं आवाहन झालं होतं.

तेव्हा अनेकांच्या मनात एकच प्रश्न होता. साथीच्या काळात आनंदाचं, उत्सवाचं, सहलीचं नाव तरी काढावं का? की ते सगळं मनातूनच काढून टाकावं?

हा प्रश्न याच रायगडाच्या बाबतीत साधारण सव्वाशे वर्षांपूर्वीही पडला होता. तेव्हाची साथ होती प्लेगची. आणि ज्यांच्यापुढे तो प्रश्न होता, त्यांचं नाव होतं बाळ गंगाधर टिळक.

नाजूक तब्येतीचा रत्नागिरीचा मुलगा

टिळकांचा जन्म २३ जुलै १८५६ चा, रत्नागिरीचा. वडील गंगाधरपंत शिक्षक. टिळक १० वर्षांचे असताना आई गेली, १६ वर्षांचे असताना वडील गेले. घरची शिल्लक बेताची आणि अंगकाठी त्याहून बेताची.

पुण्याच्या डेक्कन कॉलेजात गेल्यावर त्यांनी एक अजब निर्णय घेतला. पहिलं वर्ष अभ्यासाला नाही, तर तब्येतीला द्यायचं. तालीम, पोहणं, भरपूर खाणं. परिणाम व्हायचा तोच झाला. त्या वर्षी परीक्षेत नापास झाले, पण शरीर असं कमावलं की पुढच्या तुरुंगवासांमध्ये तेच कामी आलं.

नंतर गणित घेऊन बीए, मग एलएलबी. वकिली करून पैसा कमावता आला असता, पण १८८० साली विष्णुशास्त्री चिपळूणकर आणि सहकाऱ्यांबरोबर न्यू इंग्लिश स्कूल काढलं. १८८१ मध्ये केसरी आणि मराठा ही वर्तमानपत्रं सुरू झाली. १८८२ मध्ये कोल्हापूर प्रकरणात बदनामीचा खटला झाला आणि टिळक-आगरकर जोडी डोंगरीच्या तुरुंगात १०१ दिवस राहून आली.

१८९० मध्ये डेक्कन एज्युकेशन सोसायटी सोडल्यावर टिळक पूर्णवेळ सार्वजनिक कामात उतरले. सार्वजनिक गणेशोत्सवाला त्यांनी बळ दिलं ते याच काळात, १८९३-९४ मध्ये. त्यांचं गणित साधं होतं. सभेला शंभर माणसं येतात, उत्सवाला हजारो येतात. लोकांना एकत्र आणायचं असेल तर जिथं त्यांना आनंद मिळतो तिथून सुरुवात करायची.

समाधीसाठी वर्षाला ५ रुपये

आता महाडकडे येऊ.

सावित्री नदी महाबळेश्वरच्या डोंगरात उगम पावते, पोलादपूरवरून खाली येते आणि महाडला वळसा घालून बाणकोटच्या खाडीकडे जाते. महाबळेश्वरहून आंबेनळी घाट उतरला की पोलादपूर लागतं. तानाजी मालुसऱ्यांचं उमरठ याच तालुक्यात. तिथून पुढं महाड आणि महाडपासून साधारण २५ किलोमीटरवर रायगड. पायथ्याच्या पाचाड गावात जिजाऊंची समाधी आहे.

१६७४ साली याच गडावर शिवराय छत्रपती झाले आणि १६८० साली इथंच त्यांचं निधन झालं. १८१८ मध्ये इंग्रजांनी तोफा डागून गड घेतला. त्यानंतर गडावर माणसांपेक्षा झाडोरा जास्त उरला.

१८६९ मध्ये महात्मा जोतीराव फुले रायगडावर गेले. त्यांनी समाधीची जागा साफ करून घेतली आणि त्याच वर्षी शिवरायांवर पोवाडा लिहिला. पुढं १८८३ मध्ये जेम्स डग्लस या इंग्रज लेखकाने समाधीच्या दुरवस्थेबद्दल लिहिलं, तेव्हा सरकारला थोडी लाज वाटली. देखभालीसाठी रक्कम मंजूर झाली. किती? वर्षाला ५ रुपये.

१८९५ मध्ये टिळकांनी केसरीतून हा विषय लावून धरला. ३० मे १८९५ ला पुण्याच्या हिराबागेत सभा झाली, निधी सुरू झाला. संस्थानिकांपासून शाळकरी पोरांपर्यंत लोकांनी पैसे दिले. काहींनी तर आण्यांत वर्गणी दिली. बघता बघता हजारो रुपये जमले.

आणि १५ एप्रिल १८९६ ला रायगडावर पहिला मोठा शिवोत्सव भरला.

तारीख एप्रिलची कशी, असं वाटेल. तेव्हा शिवरायांचा जन्म वैशाख शुद्ध द्वितीयेचा मानला जायचा. फाल्गुन वद्य तृतीयेची तिथी ज्या जेधे शकावलीत आहे, ती टिळकांनीच पुढं १९१६ मध्ये प्रसिद्ध केली.

त्या काळात रोपवे नव्हता, गाडीरस्ता नव्हता. कोणी खाडीतून होडीने महाडकडे यायचं, कोणी घाट उतरून. पुढं बैलगाडी, नाहीतर पायपीट. वर वैशाखाचं ऊन. तरीही लोक आले. ज्या गडावर चिटपाखरू नव्हतं, तिथं कीर्तनं झाली, पोवाडे झाले, माणसांचा आवाज घुमला. आसपासच्या गावांसाठी तर ती जत्राच होती.

पुढच्या वर्षी याहून मोठा उत्सव करायचा, हे उघडच होतं. पण मध्ये प्लेग आला.

४ फेब्रुवारी १८९७ चा कायदा

सप्टेंबर १८९६ मध्ये मुंबईच्या मांडवी भागात प्लेगचे रुग्ण सापडले. काही महिन्यांत लाखो लोकांनी मुंबई सोडली आणि साथ पुण्यात पोहोचली. त्यातच दुष्काळ होता.

४ फेब्रुवारी १८९७ ला सरकारने साथरोग कायदा आणला. प्रवाशांना स्टेशनवर उतरवून तपासायचं, घरांची झडती घ्यायची, जत्रा-यात्रा थांबवायच्या, असे अधिकार सरकारच्या हाती आले. मुंबईहून निघणारी हजची यात्राही त्या वर्षी रोखली गेली. २०२० मध्ये महाराष्ट्र सरकारने कोरोनासाठी निर्बंध लावले, तेव्हा आधाराला हाच १८९७ चा कायदा होता.

पुण्यात प्लेग कमिटीचा प्रमुख होता वॉल्टर रँड. त्याने घरझडतीसाठी गोरे सोल्जर आणले. ते थेट माजघरात आणि देवघरात शिरायचे. सामान बाहेर काढून जाळलं जायचं. रुग्णाला दवाखान्यात आणि घरच्यांना सेग्रिगेशन कॅम्पमध्ये, म्हणजे आजच्या भाषेत क्वारंटाईनमध्ये नेलं जायचं.

शहरातले अनेक पुढारी, पैसेवाले गाव सोडून गेले. टिळक पुण्यातच राहिले.

इथं त्यांची भूमिका नीट समजून घ्यायला हवी. रुग्णाला वेगळं ठेवणं, घर स्वच्छ करणं, हे उपाय गरजेचे आहेत असं ते केसरीतून सांगत होते. त्यांचा विरोध होता तो उपाय राबवताना होणाऱ्या अपमानाला. नुसतं लिहून ते थांबले नाहीत. हिंदू प्लेग हॉस्पिटल उभं करण्यात पुढाकार घेतला, तिथं स्वतः फेऱ्या मारल्या, कॅम्पमधल्या लोकांच्या जेवणाची सोय लावली. याच साथीत हडपसरला मुलगा यशवंत यांच्या दवाखान्यात रुग्णसेवा करताना सावित्रीबाई फुले यांना प्लेग झाला आणि १० मार्च १८९७ ला त्या गेल्या. रुग्णांजवळ जाण्यात काय धोका आहे, हे तेव्हा सगळ्यांना दिसत होतं.

तारीख बदलली, जागा बदलली

मे महिन्याच्या सुरुवातीला वैशाख शुद्ध द्वितीया आली. पुण्यात घरझडत्या चालू होत्या. अशात उत्सव होणं शक्य नव्हतं.

टिळकांकडे दोन सोपे मार्ग होते. एक, निर्बंध झुगारून गर्दी जमवायची. दुसरा, यंदा काही नको म्हणून गप्प बसायचं.

दोन्ही झालं नाही. साथीचा जोर ओसरेपर्यंत थांबायचं ठरलं. जन्मतिथी हुकली तर राज्याभिषेकाची तिथी आहे, रायगड नसेल तर पुणं आहे. ज्येष्ठ शुद्ध त्रयोदशी धरून १२ आणि १३ जून १८९७ ला पुण्यात शिवोत्सव झाला. तोपर्यंत सोल्जरांच्या झडत्या थांबल्या होत्या.

चार महिने मरण, झडत्या आणि धूर बघितलेल्या शहरात लोक पुन्हा एकत्र बसले. व्याख्यानं ऐकली, पदं म्हटली. प्लेग गेला नव्हता, दुष्काळ सरला नव्हता. पण आपण अजून आहोत आणि एकत्र आहोत, हे लोकांना एकमेकांकडे बघून कळलं. उत्सवाचं काम तेवढंच असतं आणि ते झालं.

उत्सवाची किंमत: १८ महिने

त्यानंतर दहाच दिवसांनी, २२ जून १८९७ च्या रात्री, गणेशखिंड रस्त्यावर चापेकर बंधूंनी रँडवर गोळी झाडली. त्याच्याबरोबर आलेला लेफ्टनंट आयर्स्ट जागीच मेला. रँड ३ जुलैला मेला.

सरकारने धागा जोडला तो थेट उत्सवाशी. १५ जूनच्या केसरीत उत्सवाचा वृत्तांत आणि शिवरायांच्या तोंडी घातलेली एक कविता छापून आली होती. त्यावरून २७ जुलैला टिळकांना मुंबईत अटक झाली आणि राजद्रोहाचा खटला चालला. ज्युरीत ६ युरोपियन आणि ३ भारतीय होते. निकालही ६ विरुद्ध ३ असाच लागला. १४ सप्टेंबर १८९७ ला न्यायमूर्ती स्ट्रेची यांनी १८ महिन्यांची सक्तमजुरी सुनावली.

तुरुंगात काथ्या कुटायचं काम, वर निकृष्ट जेवण. कमावलेलं शरीर झरझर उतरलं. पण वाचनाची परवानगी मिळताच त्यांनी ऋग्वेद पुढे ओढला. मॅक्स म्युलरसारख्या विद्वानांनी सरकारकडे रदबदली केली आणि ६ सप्टेंबर १८९८ ला मुदतीआधी सुटका झाली.

बाहेर आल्यावर टिळकांनी काय केलं? सिंहगडावर जाऊन राहिले. तिथं त्यांचा बंगला होता, हवा चांगली होती. तब्येत सुधारली तसे डिसेंबरात मद्रासच्या काँग्रेस अधिवेशनाला गेले आणि तिथून पुढं सिलोनला फिरून आले. पुढच्या वर्षी लखनौच्या अधिवेशनानंतर ब्रह्मदेशही पाहून आले. लोकांसाठी झिजणारा माणूस विश्रांतीला आणि प्रवासाला चैन समजत नव्हता. शरीर आणि मन परत कामाला लावायचं तर ते लागतंच, एवढा साधा हिशोब होता.

प्लेग घरात शिरला तेव्हा

प्लेग मात्र गेला नव्हता. पुढची वीस-बावीस वर्षं तो फिरून फिरून येत राहिला आणि देशात १ कोटीहून जास्त माणसं दगावली.

१९०३ मध्ये तो टिळकांच्या घरात आला. थोरला मुलगा विश्वनाथ प्लेगने गेला. त्याच वर्षी टिळकांचा आर्यांच्या मूलस्थानावरचा इंग्रजी ग्रंथ प्रसिद्ध झाला होता आणि त्याच वर्षी ताई महाराज प्रकरणात खालच्या कोर्टाने त्यांना शिक्षाही ठोठावली होती. ती पुढं १९०४ मध्ये हायकोर्टाने रद्द केली.

सांत्वनाला आलेल्यांशी बोलताना टिळकांनी होळीचा दाखला दिल्याचं सांगितलं जातं. साऱ्या गावाची होळी पेटते तेव्हा प्रत्येक घरातून गोवऱ्या जाव्याच लागतात, अशा अर्थाचा. हा कोरडेपणा नव्हता. सहा वर्षांपूर्वी दुसऱ्यांच्या घरांतल्या रुग्णांजवळ उभं राहिलेल्या माणसाने आपलं दुःख गावाच्या दुःखापेक्षा वेगळं मानलं नाही, इतकंच.

पुढं १९०८ मध्ये मंडालेची सहा वर्षांची शिक्षा झाली. तिथं गीतारहस्य लिहिलं. १९१२ मध्ये पत्नी सत्यभामाबाई पुण्यात गेल्या, टिळक मंडालेतच होते. १९१४ मध्ये सुटले, पुन्हा कामाला लागले. १ ऑगस्ट १९२० ला मुंबईच्या सरदारगृहात त्यांचं निधन झालं. ज्या समाधीसाठी १८९५ मध्ये आणे गोळा केले होते, तिचा जीर्णोद्धार त्यांच्या निधनानंतर, १९२० च्या दशकात पूर्ण झाला.

मग यातून घ्यायचं काय?

टिळकांच्या सगळ्याच भूमिका सगळ्यांना पटतील असं नाही. सामाजिक सुधारणांच्या बाबतीत त्यांच्यावर तेव्हाही टीका झाली, आजही होते. पण १८९७ च्या उन्हाळ्यात त्यांनी जे केलं, ते कोरोनात सहल हुकलेल्या प्रत्येकाला ओळखीचं वाटेल.

साथ खरी आहे, नियम गरजेचे आहेत, हे मान्य करायचं. ठरलेला दिवस गेला तर पुढचा दिवस शोधायचा. ठरलेली जागा बंद असेल तर जवळची जागा शोधायची. आणि मधल्या काळात ज्याच्या घरात आजार आहे त्याच्या दारात जाऊन जमेल ते करायचं. पॉझिटिव्ह राहणं म्हणतात ते बहुधा हेच.

रायगडावरचा उत्सव कायमचा थांबला नाही. पुढं तो पुन्हा गडावर भरू लागला. २०२० मध्ये ओस पडलेल्या पायऱ्याही निर्बंध उठल्यावर परत माणसांनी भरल्या. महाडवरून रायगड चढायला जाल, तेव्हा शिवरायांच्या समाधीपुढं हात जोडताना वर्षाला ५ रुपयांची ती देखभाल आणि आण्या-आण्यांनी जमलेली ती वर्गणी आठवा.