संसारातले नाथमहाराज

सोसायटीला पंचवीस वर्षं झाली, स्मरणिकेसाठी काहीतरी लिहाच, असा चिटणीसांचा आग्रह झाला. माझं आयुष्य बँकेत लेजर तपासण्यात गेलं; लेख लिहायची सवय नाही. पण माझं गाव दिंद्रुड, तालुका माजलगाव. तिथं ओसरीवर आजोबांकडून पैठणच्या एकनाथ महाराजांच्या गोष्टी ऐकत मी मोठा झालो, म्हणून त्यांच्याविषयीच चार शब्द लिहितो. संत म्हणून ते सर्वांना ठाऊक आहेत. मला सांगायचे आहेत ते संसारी नाथ.

नाथांचा जन्म 1533 च्या सुमाराचा. आईवडील लहानपणीच गेले. आजोबा चक्रपाणी यांनी नातवाला वाढवलं. आणि हा पोर बाराएक वर्षांचा होताच घरी न सांगता देवगिरीला जनार्दनस्वामींकडे निघून गेला! आजी-आजोबांच्या जिवाची काय घालमेल झाली असेल, ते आपल्या वयाला कळतं. पुढे आजोबांनी पत्ता काढून स्वामींना गाठलं, आणि जिथं हे पत्र मिळेल तिथंच थांबावं, अशी आज्ञा लिहून आणली, असं सांगतात. तीर्थयात्रा करून नाथ पैठणला आले, तेव्हा आजोबांनी ते पत्र त्यांच्या हातात ठेवलं. नाथ तिथंच थांबले. गिरिजाबाईंशी लग्न झालं, मुली झाल्या, मुलगा हरी झाला.

नाथांचं मोठं काम या संसारातच झालं. एकनाथी भागवत 1573 साली काशीत पूर्ण झालं, ज्ञानेश्वरीची शुद्ध प्रत 1584 साली तयार झाली. घरात माणसांचा राबता. गावबा नावाचा एक मुलगा रोज पुरणपोळीच मागायचा म्हणे. गिरिजाबाईंनी त्याला घरचाच करून घेतला. नाथांचं अपुरं राहिलेलं भावार्थ रामायण पुढे या गावबानेच पुरं केलं.

पण घर म्हटलं की भांड्याला भांडं लागणारच. हरिपंडित संस्कृतात निष्णात झाले. वडिलांनी मराठीत पुराण सांगावं, कोणाच्याही घरी जेवावं, हे त्यांना पटेना. शेवटी रुसून ते काशीला गेले. आता गंमत बघा, ज्या काशीत बापाने मराठी भागवत पुरं केलं, तिथंच मुलगा मराठीवर रुसून जाऊन बसला. नाथ हटून बसले नाहीत. स्वतः काशीला गेले आणि मुलाच्या दोन्ही अटी मान्य केल्या : मराठीत पुराण सांगणार नाही, परान्न घेणार नाही. पुराण हरिपंडित सांगू लागले, आणि श्रोते हळूहळू कमी झाले. पुढे सहस्रभोजनाचा नवस असलेल्या एका बाईच्या घरी नाथ एकटे जेवले आणि हजारांचं पुण्य तिच्या पदरी पडलं, अशी कथा आहे. हरिपंडितांचा ताठा तिथं गळाला. त्यांनीच वडिलांना पुन्हा पुराण सांगायला बसवलं.

1599 साली फाल्गुन वद्य षष्ठीला नाथांनी देह ठेवला. मुलीचा मुलगा मुक्तेश्वर. त्याने महाभारत लिहिलं ते मराठी ओवीतच! मुलाने नाकारलेली भाषा नातवाने उचलली.

हे सगळं आजच का आठवलं, तेही सांगून टाकतो. नातवाशी घरात इंग्रजीतच बोला, नाहीतर तो शाळेत मागे पडतो, असं मुलगा मला म्हणाला. मला राग आला. तडक पुण्याहून निघून आलो. त्याला आठ महिने झाले. फोन आला की मी सौभाग्यवतींकडे देतो. नाथांच्या गोष्टी सर्वांना सांगत फिरायचं आणि आपण हे असं वागायचं! नाथ त्या काळी मुलासाठी काशीपर्यंत गेले. मला तर नुसती एसटीची एक रात्र काढायची आहे.

तेव्हा रौप्यमहोत्सवाचा कार्यक्रम उरकला की मी पुण्याला जाणार आहे. मुलाची अट मान्य, दिवसभर इंग्रजीत बोलेन. रात्री झोपताना नातवाने गोष्ट मागितली, तर मात्र ती दिंद्रुडच्या ओसरीवरची असेल.