दुसऱ्यांच्या प्रतिभेला व्यासपीठ देणारा अभियंता

एकही मोठे प्रमेय नावावर नसताना गणिताच्या इतिहासात मानाचे स्थान मिळवणाऱ्या मोजक्या व्यक्तींत ऑगस्ट लिओपोल्ड क्रेले यांची गणना होते. त्यांनी १८२६मध्ये बर्लिन येथे शुद्ध व उपयोजित गणिताला वाहिलेले नियतकालिक सुरू केले. आजही प्रसिद्ध होणाऱ्या गणितविषयक नियतकालिकांत ते सर्वांत जुने मानले जाते.

क्रेले यांचा जन्म ११ मार्च १७८० रोजी प्रशियात झाला. घरच्या बेताच्या परिस्थितीमुळे त्यांना विद्यापीठात शिकता आले नाही. ते स्वयंअध्ययनाने अभियंता झाले आणि प्रशियाच्या सरकारी सेवेत दाखल झाले. १८३८मध्ये खुला झालेला बर्लिन-पॉट्सडॅम लोहमार्ग त्यांच्याच आराखड्यानुसार उभारण्यात आला. गणिताची ओढ मात्र कायम होती. वयाच्या छत्तिसाव्या वर्षी त्यांनी हायडेलबर्ग विद्यापीठाची डॉक्टरेट मिळवली.

१८२५मध्ये नॉर्वेचा नील्स हेन्रिक आबेल हा तरुण बर्लिनला आला. पाचव्या घाताचे सर्वसाधारण समीकरण मूळचिन्हांच्या साह्याने सोडवता येत नाही, याची सिद्धता त्याने आदल्या वर्षी स्वखर्चाने छापली होती. खर्च वाचवण्यासाठी ती इतकी संक्षिप्त केली होती, की तिच्याकडे फारसे कोणाचे लक्ष गेले नाही. क्रेले यांनी त्याची योग्यता ओळखली. ती सिद्धता सविस्तर रूपात नियतकालिकाच्या पहिल्याच खंडात प्रसिद्ध झाली.

आबेलला बर्लिनमध्ये नोकरी मिळावी, यासाठीही क्रेले झटले. अखेर नेमणूक निश्चित झाल्याचे पत्र त्यांनी ८ एप्रिल १८२९ रोजी लिहिले. मात्र, दोनच दिवसांपूर्वी, वयाच्या अवघ्या २६व्या वर्षी, क्षयरोगाने आबेलचा मृत्यू झाला होता. त्या मित्राचा मृत्युलेख क्रेले यांनी आपल्याच नियतकालिकात लिहिला.

नवोदितांवरील त्यांचा विश्वास त्यानंतरही ढळला नाही. याकोबी, डिरिक्ले आणि स्टाइनर यांचे महत्त्वाचे लेखन येथेच प्रकाशित झाले. एकविशीतील आयझेनश्टाइनचे तर १८४४ या एकाच वर्षात वीसहून अधिक लेख छापले गेले. लेखकाच्या पदापेक्षा लेखातील गणिताला महत्त्व देण्याच्या या धोरणामुळेच नियतकालिकाची प्रतिष्ठा वाढत गेली.

६ ऑक्टोबर १८५५ रोजी क्रेले यांचे निधन झाले. पुढे संपादक बदलले, प्रकाशक बदलले. पण गणितज्ञ आजही या नियतकालिकाला त्याच्या लांबलचक अधिकृत नावाऐवजी क्रेले यांच्याच नावाने ओळखतात.